बाकावरचा ओला माणूस

तात्यांचा उजवा खांदा आखडला तेव्हा त्यांनी आधी कात्रीला दोष दिला, मग खुर्चीला आणि शेवटी वयाला. चाळीस वर्षं हात छातीच्या वर धरून त्यांनी लोकांचे केस कापले होते. सलून लहानसंच, दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी भिंतीला लावलेलं बाकडं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुरे झाल्या, आता व्यायाम करा. तात्या म्हणाले, "बघू." पण त्यांची लेक 'बघू'वर थांबणारी नव्हती. तिनं जवळच्या जिममध्ये परस्पर त्यांचं नाव घातलं आणि सकाळी चहाचा कप हातात देता देता सांगून टाकलं.

"या वयात जिम? लोक तोंडात बोटं घालतील."

"घालू देत. तुमचा हात डोक्यापर्यंत पोचला म्हणजे झालं."

"आणि सलून कोण बघणार?"

"आत्ता बघतोय तोच, तुमचा भाचा. त्याला कात्री धरायला तुम्हीच शिकवलंत ना? मग धरू दे."

आतून तात्यांच्या बायकोनं, काकूंनीही लेकीचीच री ओढली. "जा हो. दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं पुसता. झाकणंसुद्धा कंटाळली आता."

स्वच्छतेचं हे वेड तात्यांना त्यांच्या उस्तादांकडून मिळालेलं. गिऱ्हाईक बदललं की टॉवेल बदलायचा, पातं नवं लावायचं, कंगवा औषधाच्या पाण्यात बुडवायचा. यात चाळीस वर्षांत एकदाही खाडा झाला नव्हता. गिऱ्हाइकं चेष्टेनं म्हणायची, की तात्यांच्या सलूनमध्ये माशीसुद्धा पाय पुसून येते.

जिम होती टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना चढतानाच रबराचा वास यायचा. चालवणारी बाई पस्तिशीची, एके काळी भालाफेक करायची. सगळे तिला कोच म्हणत. तिनं तात्यांचा हात वर, मागे, बाजूला फिरवून बघितला, तात्या कुठे कळवळतात ते लक्षात ठेवलं आणि म्हणाली, "तीन महिने. घाई करायची नाही, दांडी मारायची नाही. आज नुसतं बघा, त्या बाकावर बसा."

त्या बाकावरून नेमका एक धिप्पाड तरुण उठत होता. मान आणि खांदे वेगळे दाखवता येणार नाहीत असा. तो दोन पावलं चालला तरी फळ्यांची जमीन कुरकुरायची. त्याला सगळे बुलडोझर म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत होता. तो उठला आणि काळ्या रेक्झिनच्या बाकावर घामाचा ठसा राहिला. डोकं, रुंद खांदे, पाठ, सगळं जागच्या जागी. एक माणूस उठून गेला होता आणि दुसरा, ओला, अजून तिथं झोपलेला होता.

"कोच," तात्या म्हणाले, "इथं कुणीतरी झोपलंय."

"कुठे?"

"हा काय, ओला माणूस."

कोच हसली आणि तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं खिळ्याला एक फडकं लटकत होतं आणि खाली फवाऱ्याची बाटली होती. बाटली कोरडी ठाक. फडकं पत्र्यासारखं कडक झालेलं. तात्यांनी ते नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं.

"यानं पुसलं तर बाक म्हणेल, मी होतो तोच बरा होतो."

कोचचा चेहरा जरा उतरला. "सगळ्यांना सांगून थकले हो, काका. आधी चार फडकी होती. कुणी धुवायचं, या वादात एकच उरलं."

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते पिशवी घेऊन. सलूनमधले जुने टॉवेल कापून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून त्यांनी बारा फडकी केली होती. भाच्याकडून जंतुनाशकाची बाटली आणली होती. ज्या मशिनवर बसायचं ते आधी पुसायचं आणि उठल्यावर पुन्हा पुसायचं, असा त्यांनी क्रम लावला. गंमत म्हणजे कोचनं त्यांना व्यायामही तसाच दिला. भिंतीवर फडकं धरायचं आणि गोल गोल फिरवत हात वर न्यायचा, दिवसातून तीनदा वीस वेळा.

"चाळीस वर्षं आरसा पुसला," तात्या म्हणाले, "तेव्हा कुणी व्यायाम म्हणालं नाही."

भिंत पुसून पुसून चार दिवसांत लखलखीत झाली. मग तात्यांना वाटलं, नुसती भिंत कशाला? हात फिरवायचाच आहे तर चालायच्या पट्ट्याची मूठ का नाही, सायकलची सीट का नाही? एका दगडात दोन पक्षी. त्यामुळे व्हायचं तेच झालं. जिममध्ये शाळेतल्या गणिताच्या बाई यायच्या. काटेकोर, वेळेच्या पक्क्या. त्यांनी एका संध्याकाळी तात्यांना पाहिलं आणि जाता जाता सांगितलं, "काका, ती सायकलपण पुसून घ्या हं, मी दोन मिनिटांत येते."

तात्यांनी पुसून दिली. हे सफाईवाले नाहीत, आपल्यासारखेच व्यायामाला येतात, हे कोचनं सांगितलं तेव्हा बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला माफ करा हो. मला वाटलं..."

"अहो, सायकल स्वच्छ झाली ना? मग झालं तर," तात्या म्हणाले. त्यांना खरंच राग आला नव्हता. उलट एवढ्या मोठ्या जिममध्ये निदान एकीला तरी सायकल पुसलेली हवी होती, याचंच त्यांना बरं वाटलं.

महिनाभरात हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला. तात्या रोज संध्याकाळी पाच वाजता यायचे, सात वाजता घरी जायचे, आणि काकूंना तिथल्या गमती सांगायचे. बुलडोझर वजन उचलताना कसा रेड्यासारखा हंबरतो, हे ते नक्कल करून दाखवायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग जिममध्ये खाज सुरू झाली.

आधी गणिताच्या बाईंच्या कोपराजवळ लाल चकती उठली. पाठोपाठ बँकेतल्या एका माणसाच्या पोटरीवर, मग दोघी बहिणी एकत्र यायच्या त्यातल्या धाकटीच्या पाठीवर. डॉक्टरांनी तिघांनाही एकच सांगितलं, गजकर्ण. संसर्गानं होतं, जिममध्ये जाता का? तिघांनी एकमेकांना चकत्या दाखवल्या आणि कुजबुज सुरू झाली. आणलं कुणी?

कुजबुज फिरत फिरत गॅसवाल्यापाशी येऊन थांबली. तो चाळिशीचा, काटक माणूस. दिवसभर सिलिंडर घरोघरी चढवायचा आणि कामाच्या कपड्यांतच जिममध्ये यायचा. त्याची पाठ धरायची, म्हणून कोचनंच त्याला व्यायाम आखून दिला होता. त्याच्या शर्टावर गंजाचे डाग असायचे, नखांत काळं असायचं. तेवढं पुरलं. तो मॅटवरून उठला की ती मॅट कुणी घेईना. तो रॉडला हात लावायला गेला की शेजारचा उठून जाई. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, पण न कळण्याइतका तो भोळा नव्हता. गर्दी नसेल अशा वेळा तो शोधू लागला.

एका संध्याकाळी सहा-सात जण कोचभोवती जमले. बाईच पुढे होत्या.

"आमचं त्यांच्याशी वैर नाही," बाई म्हणाल्या. "पण ते कामावरून सरळ येतात. तुम्हीच नीट सांगा त्यांना. काही दिवस नका येऊ म्हणावं."

"त्याला गजकर्ण आहे हे कुणी बघितलंय?" कोचनं विचारलं.

कुणी बघितलं नव्हतं. पण आणखी कोण असणार, असं सगळ्यांचं म्हणणं. कोच म्हणाली, "परवापर्यंत विचार करते." तिचा चेहरा मात्र ओढलेला होता.

तात्या भिंतीशी फडकं फिरवत सगळं ऐकत होते. गजकर्ण कुणाला आहे ते त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं त्यांनी माना पाहिल्या होत्या. गॅसवाल्याची मान, कानामागची जागा, हात, कुठेही चट्टा नव्हता. आल्या आल्या तो कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचा आणि स्वतःचा टॉवेल अंथरायचा, हे इतर कुणी पाहिलंच नव्हतं. धूळ दिसते, रोग दिसत नाही. आणि बुलडोझरच्या मानेवर, बनियनच्या गळ्याच्या काठाशी, केसांच्या रेषेखाली एक लाल कड होती. कडेला खवले, मध्ये साफ. ती कड खाली पाठीवर कुठपर्यंत गेली असेल, ते त्याच्या घट्ट, गळाबंद बनियनवरून कळत होतं. महिन्याभरापूर्वी तो बिनबाह्यांचं घालायचा.

मग तात्या तिथंच का बोलले नाहीत? उस्तादांची शिकवण आड आली. उस्ताद सांगायचे, "गिऱ्हाइकाच्या डोक्यात काहीही दिसो, उवा, खवडा, चट्टा, ते त्याच्या कानात सांगायचं. आपण रोज लोकांना मान खाली घालायला लावतो, ती केसांसाठी. लाजेनं घालायला लावायची नाही." तात्यांनी ते आयुष्यभर पाळलं होतं. पण इथं एकाची लाज झाकायची तर दुसऱ्याची मान खाली जात होती. घरी आल्यावर त्यांनी जेवताना काकूंना नाव न घेता सगळं सांगितलं.

"मग सांगा की त्याच्या कानात," काकू म्हणाल्या. "कान कुठे पळून गेलाय?"

बुलडोझर सकाळीही व्यायामाला यायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी तात्यांनी त्याला सकाळीच जिन्यात गाठलं.

"स्पर्धा कधी तुझी?"

"तीन आठवड्यांनी, काका. जिल्ह्याची, वजन उचलायची."

"आणि हे असं जंगल घेऊन स्टेजवर जाणार? दुपारी सलूनमध्ये ये. मी स्वतः कापतो. माझ्या हाताची परीक्षा होऊन जाईल."

दुपारी सलूनमध्ये कुणी नव्हतं. भाच्याला तात्यांनी मुद्दाम जेवायला पाठवलं होतं. बुलडोझर खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची दोन बोटं खाली गेली. तात्यांनी त्याच्या अंगाभोवती कापड घातलं. कॉलर जरा मागे ओढली. बुलडोझरनं ती पटकन पुढे घेतली. आरशात दोघांची नजर एक झाली.

"दुकानात कुणी नाही," तात्या हळू म्हणाले. "किती दिवस झाले?"

बुलडोझरनं नजर गुडघ्यांवरच्या कापडाकडे वळवली. मग म्हणाला, "दीड महिना."

"औषध?"

"मेडिकलमधून एक मलम आणलं होतं. लावलं की चार दिवसांत लाली जायची. मग परत, आधीपेक्षा मोठं. आता कमरेपर्यंत आलंय, काका. रात्री झोप लागत नाही."

"डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"ते म्हणतील जिम बंद. वर्षभर घासलंय मी या स्पर्धेसाठी. घरी पण कुणाला सांगितलं नाही. आई माझे कपडे सगळ्यांच्यात धुते, आणि मी गप्प बसतो." एवढा आडदांड माणूस, पण त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "बाईंच्या हातावर चकती बघितली तेव्हा मला कळलं. माझ्यामुळेच ना?"

"तुझ्यामुळे, बाकामुळे, न धुतलेल्या फडक्यामुळे. तुलाही कुणाकडून तरीच मिळालं असेल. गजकर्ण काही कुणी हौसेनं आणत नाही," तात्या म्हणाले. त्यांनी कात्री उचलली. हात कानाच्या वरपर्यंत गेला, जरा चमकला, पण गेला. "आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. ते मलम बंद कर आणि तेही त्यांना सांग, लपवू नकोस. तुझा टॉवेल, कपडे वेगळे, गरम पाण्यातून काढ. आणि एक. उद्या कोच गॅसवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगणार आहे."

आरशातला चेहरा एकदम वर आला. "त्याचा काय संबंध?"

"काही नाही. पण लोकांना कुणीतरी पाहिजे असतो. तुझं नाव मी घेणार नाही. उस्तादांची शपथ आहे मला. त्याचं नाव मात्र गेलंय. ते परत आणायचं की नाही, ते तू बघ."

केस झाल्यावर तात्यांनी मानेवर ब्रश फिरवला, कापड झटकलं नाही, घडी करून वेगळ्या पिशवीत टाकलं. जाताना बुलडोझर दारात अडखळला आणि तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, साडेपाच झाले. बुलडोझरचा पत्ता नव्हता. सहाला गॅसवाला आला, नेहमीसारखे हात धुतले आणि टॉवेल उघडला. कोच त्याच्याजवळ गेली. "दादा, जरा बोलायचं होतं," ती म्हणाली. गॅसवाल्यानंच टॉवेल परत गुंडाळायला घेतला.

"कळतंय मला, कोच. तुम्ही नका सांगू. मी जातो."

तात्यांच्या हातातलं फडकं भिंतीवर थांबलं. शपथ गेली खड्ड्यात, असं त्यांच्या मनात आलं, तेवढ्यात जिन्यावर फळ्या कुरकुरल्या.

बुलडोझर आत आला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. तो दारातच उभा राहिला आणि एरवी वजनाखाली निघायचा तसल्या आवाजात म्हणाला, "मशिन थांबवा जरा. गजकर्ण मला आहे."

चालायचा पट्टा कुणीतरी बंद केला. तो पुढे बोलत राहिला, थांबलो तर संपलंच, अशा घाईनं. "दीड महिना आहे. लपवलं मी. आत्ता डॉक्टरकडून आलो. त्यांनी गोळ्या दिल्यात, मलम बदललंय. कमी दिसलं तरी औषध सोडायचं नाही म्हणाले. ते सांगेपर्यंत मी इथं कशाला हात लावणार नाही. बाई, तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला. आणि दादा..." तो गॅसवाल्याकडे वळला.

गॅसवाला टॉवेल काखेत मारून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. बुलडोझरच्या छातीपर्यंत येत होता तो.

"स्पर्धा केव्हाय म्हणालास?"

"आता कसली स्पर्धा, दादा."

"केव्हाय ते सांग."

"तीन आठवड्यांनी."

"माझ्या लाइनीत सहा इमारतींना लिफ्ट नाही. डॉक्टरांना विचार, हातमोजे घाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल आणि सकाळी गोदामावर ये. माझी पाठ वाचेल आणि तुझे पाय होतील."

एक हसला, मग दुसरा, आणि मग सगळेच हसले. हसण्यात सुटकाच जास्त होती. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या आणि गॅसवाल्याला म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल बोलले होते. न बघता बोलले. चुकलं माझं."

"गणित चुकलं म्हणा, बाई," गॅसवाला म्हणाला. "खोडता येतं."

आता त्या हसल्या, आणि डोळे पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल काढला.

त्या संध्याकाळी व्यायाम कुणीच केला नाही. कोचनं खिळ्यावरचं ते फडकं काढून केराच्या डब्यात टाकलं. बँकेतला माणूस खाली जाऊन दोन बादल्या घेऊन आला. आणि तात्यांना सगळ्यांनी मध्ये उभं केलं. तात्यांना चार माणसांपुढे बोलायची सवय नव्हती, पण फडकं हातात आलं तसे ते खुलले.

"आधी फडक्याची घडी. दोनदा दुमडा, म्हणजे पुसायला आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. बाटलीतलं मारलं की लगेच पुसून टाकायचं नाही, चार-पाच मिनिटं ओलं राहू द्यायचं. औषधालाही काम करायला वेळ लागतो, माणसासारखा. घाम आधी, औषध मग. मूठ विसरायची नाही, लोक सीट पुसतात आणि मूठ तशीच सोडतात. वापरलेलं फडकं या बादलीत, स्वच्छ त्यात. आणि घरी जाऊन आंघोळ."

"आठ बाजू कशा?" बाईंनी लगेच विचारलं. त्यांनी स्वतः दुमडून, उलगडून मोजल्या. "हो, आठच."

फडकी धुवायची कुणी, यावर पुन्हा वाद होणार असं कोचला वाटलं होतं. पण दोघी बहिणींतली थोरली म्हणाली, "वार लावू या." आणि वार लागले. आठवडाभरात सगळ्यांना सवय झाली. काही जण विसरायचे. मग कुणीतरी लांबूनच ओरडायचं, "अहो, तुमचा ओला माणूस बाकावर राहिला!" आणि तो हसत परत यायचा. बुलडोझरच्या घरी त्याच्या आईनं मात्र त्याला दोन दिवस फैलावर घेतलं, सांगितलं का नाहीस म्हणून, आणि मग त्याच्या कपड्यांसाठी वेगळं पातेलं काढलं.

बुलडोझर रोज सकाळी गॅसवाल्याबरोबर जिने चढत होता. डॉक्टरांनी पाठ बघून दोन आठवड्यांनी जिमला परवानगी दिली. स्पर्धेत तो चौथा आला. त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. पहिल्या तिघांपैकी एकानंही चौथ्या मजल्यावर सिलिंडर नेलेला नाही, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं तात्यांना विचारलं, "तीन महिने संपत आलेत. पुढे घालायचं का नाव?"

तात्या पाटावर बसून जिमची फडकी घड्या करत होते. त्या दिवशी वार त्यांचा होता.

"घाल," ते म्हणाले. "आणि तुझ्या आईचंपण घाल."

"मी कशाला?" आतून काकू ओरडल्या. "मला काय धाड भरलीय?"

"सायकल चालवायला मजा येते म्हणे," तात्या म्हणाले.

आत डब्यावर झाकण बसलं. मग काकूंचा आवाज आला, "सीट पुसलेली असेल ना?"

लेक हसत नाव घालायला निघाली. तात्यांनी शेवटची घडी घातली, गठ्ठा पिशवीत ठेवला आणि चपला घालून बाहेर पडले. पाच वाजायला आले होते.